जनगणनेची आकडेवारी वाचताना: गाव, तालुका, जिल्हा, शहर आणि त्यांच्या हद्दी

२०११ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या किती होती, या प्रश्नाची तीन उत्तरं मिळतात आणि तिन्ही बरोबर आहेत. मुंबई शहर जिल्हा घेतला तर ३०,८५,४११. बृहन्मुंबई महानगरपालिकेची हद्द घेतली तर १,२४,४२,३७३. बृहन्मुंबई नागरी समूह घेतला तर १,८३,९४,९१२. पहिल्या आकड्यात मुंबई उपनगर जिल्ह्याचे ९३,५६,९६२ मिळवले की दुसरा येतो. दुसऱ्यात ठाणे, कल्याण-डोंबिवली, नवी मुंबई, मीरा-भाईंदर, उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर मिळवले की तिसरा येतो. वसई-विरार त्यात नाही, ते वेगळं धरलं आहे.

आकडा कोणत्या पातळीचा आणि कोणत्या तारखेच्या हद्दीचा, हे न पाहता तो उचलला की बातमी, अहवाल किंवा ग्रामपंचायतीचा विकास आराखडा तिथेच चुकतो. गावपातळीवर सर्वत्र वापरली जाणारी शेवटची प्रसिद्ध आकडेवारी २०११ चीच आहे, म्हणून इथली उदाहरणं तिच्यातली आहेत.

पातळ्यांची मुख्य साखळी

देश, राज्य, जिल्हा, तालुका, मग गाव किंवा शहर, आणि शहराच्या पोटात वॉर्ड. २०११ मध्ये देशात ६४० जिल्हे, ५,९२४ तालुके (कुठे तहसील, कुठे मंडल), ७,९३५ शहरं आणि ६,४०,८६७ गावं होती. महाराष्ट्रात ३५ जिल्हे आणि ४३,६६३ गावं होती. त्यांतली ४०,९५९ वस्तीची, बाकीची बेचिराख. बेचिराख गावंही यादीत क्रमांकासह असतात, फक्त लोकसंख्येच्या रकान्यात शून्य. ‘सरासरी गावाची लोकसंख्या’ काढताना ती वगळायची की नाही, हे आधीच ठरवा.

गावाच्या खाली आणखी एक पातळी आहे: गणना गट. एका प्रगणकाला मोजायला दिलेला हा तुकडा साधारण १२० ते १५० घरांचा, ६०० ते ६५० माणसांचा असतो. मोजणी तिथे होते, पण त्या पातळीचे आकडे प्रसिद्ध होत नाहीत. त्यामुळे एखादी वाडी, पाडा, तांडा किंवा गल्ली यांची वेगळी लोकसंख्या जनगणनेतून मिळत नाही. ती लागत असेल तर मतदार यादी किंवा ग्रामपंचायतीच्या नोंदी पाहाव्या लागतात, आणि त्यांना जनगणनेचा आकडा म्हणता येत नाही.

गाव म्हणजे महसुली गाव

सर्वाधिक घोळ इथे होतो. जनगणनेचं गाव म्हणजे सातबाऱ्यावर ‘मौजे’ म्हणून येतं ते महसुली गाव. ग्रामपंचायत ही वेगळी गोष्ट आहे. गट ग्रामपंचायतीत दोन-तीन किंवा अधिक महसुली गावं असतात, म्हणून ग्रामपंचायतीची लोकसंख्या हवी असेल तर तिच्यातली सगळी महसुली गावं शोधून बेरीज करायला हवी. कोकणात आणि आदिवासी पट्ट्यात हे काम हमखास करावं लागतं. उलटा प्रकारही घडतो: एखाद्या वाडीला स्वतंत्र ग्रामपंचायत मिळालेली असते, पण २०११ ला ती महसुली गाव नव्हती. मग तिची लोकसंख्या मूळ गावाच्या आकड्यात मिसळलेली असते आणि वेगळी काढता येत नाही.

शहर दोन प्रकारचं

महानगरपालिका, नगरपरिषद, नगरपंचायत, कटकमंडळ अशी कायद्याने ठरलेली ती वैधानिक शहरं. दुसरा प्रकार जनगणना शहराचा. ज्या गावात तीन अटी एकदम पूर्ण होतात त्याला जनगणना कार्यालय आपल्या पुरतं शहर धरतं: लोकसंख्या किमान ५,०००, मुख्य काम करणाऱ्या (म्हणजे वर्षात सहा महिने किंवा अधिक काम असलेल्या) पुरुषांपैकी किमान ७५ टक्के बिगरशेती कामात, आणि घनता चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसं. तिथला कारभार ग्रामपंचायतच पाहत राहते.

परिणाम असा की जनगणनेच्या ‘ग्रामीण’ आकड्यात ही वस्ती नसते, पण जिल्हा परिषदेच्या ‘ग्रामीण’मध्ये असते. दोन कार्यालयांच्या आकड्यांत तफावत दिसली की आधी जनगणना शहरं तपासा, बहुतेक वेळा कारण तिथेच सापडतं. गोव्यात हे ठळकपणे दिसतं. २०११ ला गोव्याची ६२ टक्के लोकसंख्या नागरी ठरली, पण तिथल्या ७० शहरांपैकी वैधानिक फक्त १४ होती, उरलेली ५६ जनगणना शहरं. देशभरात जनगणना शहरांची संख्या २००१ मध्ये १,३६२ होती, ती २०११ मध्ये ३,८९४ झाली. त्या दशकातली नागरीकरणाची वाढ सांगताना किती माणसं शहरात आली आणि किती गावंच शहर ठरली, हे वेगळं करायला हवं. बातम्यांत ते क्वचितच केलेलं असतं.

शहराला चिकटून वाढलेला, पण अजून महसुली गावाच्या हद्दीत असलेला भाग म्हणजे बाह्यवाढ. शहर, त्याच्या बाह्यवाढी आणि लगतची शहरं मिळून नागरी समूह होतो. तो प्रशासकीय एकक नाही. त्याला महापौर नसतो, अंदाजपत्रकही नसतं. पुण्याचंच पाहा: महानगरपालिका ३१,२४,४५८, नागरी समूह ५०,५७,७०९, जिल्हा ९४,२९,४०८. पुण्यात दरडोई पाणी किती मिळतं हे मोजताना महापालिकेचं पाणी आणि नागरी समूहाची माणसं घेतली, तर उत्तराला काही अर्थ उरत नाही.

पंचायत समितीच्या विकास गटांनुसार वेगळे तक्तेही असतात. महाराष्ट्रात गट आणि तालुका बहुधा एकच, पण गटाच्या तक्त्यात वैधानिक शहरं धरत नाहीत. त्यामुळे तालुक्याचा एकूण आकडा आणि गटाचा आकडा जुळेलच असं नाही.

हद्द कोणत्या तारखेची?

२०११ साठी प्रशासकीय हद्दी ३१ डिसेंबर २००९ च्या स्थितीवर गोठवल्या होत्या. त्यानंतर झालेलं काहीही त्या तक्त्यांत नाही. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला, म्हणून २०११ च्या कुठल्याही मूळ तक्त्यात तो सापडणार नाही. त्याची २०११ ची लोकसंख्या तालुके जुळवून काढावी लागते: वसई, पालघर, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, वाडा आणि विक्रमगड. बेरीज २९,९०,११६. जुन्या ठाणे जिल्ह्याच्या १,१०,६०,१४८ मधून ती वजा केली की आजच्या ठाणे जिल्ह्याचे ८०,७०,०३२ मिळतात. दोन्ही मिळून मूळ आकडा परत येतो का, ते पाहायचं. आला नाही तर एखादा तालुका सुटला आहे.

तालुका फुटून दोन झाले असतील तर हाच हिशेब गावांच्या पातळीवर करावा लागतो. महापालिकेत गावं घेतली असतील तरीही तसंच. प्रभागांच्या बाबतीत मात्र हात टेकावे लागतात. २०११ चे वॉर्ड त्या वेळच्या रचनेतले, आणि पालिका निवडणुकांआधी प्रभागरचना बदलत राहते. आजच्या प्रभागाचा आकडा गणना गटांवरून काढलेला असतो आणि तो निवडणुकीच्या प्रभागरचनेच्या कागदपत्रांत मिळतो, जनगणनेच्या तक्त्यांत नाही.

काय कोणत्या पातळीवर मिळतं

गावापर्यंत आणि वॉर्डापर्यंत पोचणारा मुख्य तक्ता म्हणजे प्राथमिक जनगणना गोषवारा, ज्याला सगळे पीसीए म्हणतात. त्यात कुटुंबं, स्त्री-पुरुष, ० ते ६ वयाची मुलं, अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, साक्षर, निरक्षर आणि काम करणाऱ्यांची वर्गवारी असते. बाकीचे वयोगट, धर्म, भाषा, स्थलांतर यांतलं काहीही त्यात नाही.

धर्माचा तक्ता सी-१ तालुका आणि शहरापर्यंत येतो, गावापर्यंत नाही. ‘आमच्या गावात अमुक धर्माचे इतके लोक, जनगणनेनुसार’ असं कोणी सांगत असेल तर तो आकडा जनगणनेचा नाही. मातृभाषेचा तक्ता सी-१६. त्यानुसार २०११ मध्ये देशात मराठी मातृभाषा असलेले ८,३०,२६,६८० लोक होते. त्यात अहिराणी शोधू नका, ती ‘खानदेशी’ या वेगळ्या भाषेखाली आहे. कोकणीही स्वतंत्र. वयाचे तक्ते सी मालिकेत, कामगारांचे तपशील बी मध्ये, स्थलांतर डी मध्ये, घर आणि सोयी एच मध्ये. गावात शाळा, दवाखाना, पाणी, रस्ता आहे का, हे जिल्हा जनगणना पुस्तिकेच्या ‘अ’ भागातल्या गाव निर्देशिकेत मिळतं. सोय गावात नसेल तर ती किती अंतरावर आहे ते तिथे अक्षराने दिलेलं असतं: ए म्हणजे ५ किलोमीटरच्या आत, बी म्हणजे ५ ते १०, सी म्हणजे १० च्या पुढे.

प्रश्न आधी ठरवा, मग पातळी, मग तक्ता. उलट्या क्रमाने गेलं की फायलींचा ढीग होतो आणि हवा तो रकाना एकातही नसतो.

फाईल उघडल्यावर

जनगणना कार्यालयाच्या संकेतस्थळावरून राज्याची पीसीए एक्सेल फाईल घ्या. सुरुवातीचे रकाने क्रमांकांचे असतात: राज्य दोन अंकी, जिल्हा तीन अंकी, तालुका पाच अंकी, गाव किंवा शहर सहा अंकी. महाराष्ट्र २७, गोवा ३०. नंदुरबार ४९७ पासून सांगली ५३१ पर्यंत महाराष्ट्राचे पस्तीस जिल्हे सलग येतात, पुणे ५२१. शहरांचे क्रमांक ८ ने सुरू होतात, महाराष्ट्रातल्या गावांचे ५ ने.

क्रमांकांचे रकाने उघडतानाच ‘टेक्स्ट’ करून घ्या. नाहीतर एक्सेल सुरुवातीची शून्यं खाऊन टाकतं. अक्कलकुवा तालुक्याचा ०३९५० हा क्रमांक ३९५० होतो आणि दुसऱ्या फाईलशी जोडताना एकही ओळ जुळत नाही. आधीच खाल्ली असतील तर टेक्स्ट फंक्शनमध्ये पाच शून्यांचा फॉरमॅट देऊन परत आणता येतात.

पुढची पायरी चाळणीची, आणि ती चुकवली की सगळंच चुकतं. एकाच फाईलमध्ये राज्य, जिल्हा, तालुका, गाव अशा सगळ्या पातळ्यांच्या ओळी एकाखाली एक असतात. त्यातही राज्य, जिल्हा आणि तालुका यांच्या प्रत्येकी तीन ओळी: एकूण, ग्रामीण, नागरी. कोणी अख्ख्या रकान्याची बेरीज केली तर या तीन पातळ्या प्रत्येकी दुप्पट मोजल्या जातात, वर गाव-शहरांची बेरीज एकदा. म्हणजे महाराष्ट्राची लोकसंख्या ११.२४ कोटींच्या जागी सातपट, ७८ कोटींच्या वर. वॉर्डांच्या ओळीही फाईलमध्ये असतील तर नागरी लोकसंख्या आणखी एकदा चढते. म्हणून ‘लेव्हल’ या रकान्यात एकच पातळी निवडा, ‘टीआरयू’मध्ये (एकूण, ग्रामीण, नागरी यांचा रकाना) एकच प्रकार, आणि मगच बेरीज घ्या.

लगेच पडताळा करा. गाव आणि शहर एवढ्याच ओळी घेऊन बेरीज ११,२३,७४,३३३ आली पाहिजे. ग्रामीण ६,१५,५६,०७४ आणि नागरी ५,०८,१८,२५९ मिळून तेवढेच होतात. एका माणसाचाही फरक पडला तरी पुढे जाऊ नका. दोन जिल्ह्यांत पसरलेलं शहर दोन ओळींत ‘पार्ट’ म्हणून येतं, बृहन्मुंबई त्यातलंच. एकच ओळ उचलली तर अर्धं शहर जातं.

दुसऱ्या माहितीशी जोडायचं असेल तर नावावर भरवसा ठेवू नका. जनगणनेच्या इंग्रजी याद्यांत बीड ‘बिड’ असतं, रायगड ‘रायगढ’, गोंदिया आणि बुलढाणा यांची वर्णलेखनं वेगळी. औरंगाबाद, उस्मानाबाद, अहमदनगर ही नावं पुढे बदलली, पण २०११ च्या फायलींत जुनीच आहेत. एका तालुक्यात वडगाव किंवा पिंपळगाव दोन-चार असतात, आणि बुद्रुक-खुर्द कधी पूर्ण, कधी आद्याक्षरात लिहिलेलं असतं. जोडणी क्रमांकावरच करा.

क्रमांकातही एक खोड आहे. सरकारी योजनांच्या पोर्टलवर लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीचे, म्हणजे एलजीडीचे क्रमांक चालतात. गावांच्या बाबतीत ते बहुतांशी २०११ च्या जनगणनेचेच सहा अंकी क्रमांक आहेत, पण जिल्ह्यांचे वेगळे. एलजीडीत ४९० म्हणजे पुणे, जनगणनेत ४९० म्हणजे गुजरातमधलं नवसारी. दोन्ही तीन अंकी असल्यामुळे चुकीची जोडणी बिनबोभाट होते, कुठे लाल खूण येत नाही. २००१ ची क्रमांकपद्धत आणखी निराळी होती, तिच्याशी २०११ थेट जोडू नका.

टक्केवारी काढताना भाजक तपासा

साक्षरतेचं उदाहरण घेऊ. महाराष्ट्रात साक्षर ८,१५,५४,२९०. त्याला एकूण लोकसंख्येने भागलं तर ७२.५७ टक्के येतात. हे चूक. साक्षरतेचा प्रश्न ७ वर्षं आणि त्यावरच्यांसाठी आहे, म्हणून एकूणातून ० ते ६ वयाची १,३३,२६,५१७ मुलं वजा करायची. उरतात ९,९०,४७,८१६, आणि दर येतो ८२.३४ टक्के. हाच अधिकृत आकडा.

त्याच फाईलमधला ‘निरक्षर’ रकाना तर सरळ फसवा आहे. महाराष्ट्रासाठी तिथे ३,०८,२०,०४३ दिसतात, पण त्यात पाळण्यातल्या बाळांसकट सगळी लहान मुलं आहेत. ती काढली की ७ वर्षांवरचे निरक्षर १,७४,९३,५२६ उरतात. तीन कोटी आणि पावणेदोन कोटी यांतलं अंतर मोठं आहे, आणि हा रकाना जसाच्या तसा छापलेले अहवाल सर्रास दिसतात.

लिंग गुणोत्तर म्हणजे दर हजार पुरुषांमागे स्त्रिया. बाल लिंग गुणोत्तर ० ते ६ वयासाठी. राज्य किंवा जिल्ह्यासाठी ते ठीक, लहान गावासाठी जपून. समजा गावात २८ मुलगे आणि २१ मुली आहेत, तर गुणोत्तर ७५०. दोन मुली जास्त असत्या तर ८२१. दोन बाळांनी ७१ गुणांचा फरक पडतो तिथे गावावर ठपका ठेवणं गैर. चार-पाच शेजारची गावं किंवा अख्खा तालुका एकत्र घ्या.

घनता काढताना जिल्ह्याचं क्षेत्रफळ आणि गावांच्या क्षेत्रफळांची बेरीज जुळत नाही. जिल्ह्याचा आकडा भारतीय सर्वेक्षण विभागाचा, गावाचा महसूल दप्तरातला. दोन्ही एकाच कोष्टकात मिसळू नका. अनुसूचित जातीच्या रकान्यात हिंदू, शीख आणि बौद्ध एवढेच येतात, आणि त्या राज्याच्या यादीत असलेली जातच धरली जाते. अनुसूचित जमातीला धर्माची अट नाही. इतर मागासवर्गाचा रकाना २०११ च्या मोजणीत नाहीच.

आकडा कोणत्या क्षणाचा, कोणत्या कामाचा

२०११ ची संदर्भ वेळ १ मार्चची मध्यरात्र, ००:०० वाजता. प्रत्यक्ष मोजणी ९ ते २८ फेब्रुवारी. त्या संपूर्ण काळात जो माणूस घरी नव्हता, त्याची नोंद घरी नाही तर जिथे होता तिथे झाली. बीड, अहमदनगरच्या ऊसतोड गावांचे आकडे पाहताना हे ध्यानात ठेवा. फेब्रुवारीत हंगाम चालू असतो, टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात फडावर असतात. नियमाप्रमाणे ती माणसं तिथल्या गावांत मोजली जातात. अशा गावाची लोकसंख्या आणि रेशनकार्डांची नोंद यांत मोठं अंतर दिसलं तर लगेच कोणाला खोटं ठरवू नका.

घरयादीचा टप्पा मात्र २०१० मध्येच, एप्रिल ते सप्टेंबर दरम्यान झाला. शौचालय, नळ, वीज, मोबाईल हे सगळं त्या टप्प्यातलं. त्यातली कुटुंबसंख्या पीसीएतल्या कुटुंबसंख्येशी जुळत नाही, कारण काळ वेगळा आणि वसतिगृहांसारखी संस्थात्मक कुटुंबं घरयादीच्या सोयींच्या तक्त्यांतून वगळलेली. गावपातळीवर सोयींची टक्केवारी मिळते, संख्या नाही. त्या टक्क्यांना पीसीएच्या कुटुंबसंख्येने गुणून ‘इतकी घरं’ म्हटलं तर तो अंदाज आहे, तसं लिहून ठेवा. कुटुंब म्हणजे एका स्वयंपाकघरात जेवणारी माणसं. एका छपराखाली दोन चुली असतील तर कुटुंबं दोन.

‘तात्पुरते’ आणि ‘अंतिम’ हे शब्दही पाहा. महाराष्ट्राचं बाल लिंग गुणोत्तर तात्पुरत्या आकड्यांत ८८३ होतं, अंतिममध्ये ८९४ झालं. इंटरनेटवर दोन्ही फिरत असतात.

दोन जनगणनांची तुलना

वाढीचा दर काढण्याआधी दोन्ही वर्षांची हद्द एकच आहे का ते बघा. वाशीम आणि नंदुरबार १९९८ मध्ये, हिंगोली आणि गोंदिया १९९९ मध्ये जिल्हे झाले. १९९१ च्या अकोल्याची २००१ च्या अकोल्याशी तुलना केली तर लोकसंख्या घटल्यासारखी दिसेल, प्रत्यक्षात वाशीम वेगळा झाला. जिल्ह्यांसाठी ही डोकेदुखी ए-२ तक्ता वाचवतो: त्यात १९०१ पासूनची लोकसंख्या नव्या हद्दींप्रमाणे जुळवून दिलेली असते. खरी घट कशी दिसते ते रत्नागिरीत पाहा. २००१ मध्ये १६,९६,७७७, २०११ मध्ये १६,१५,०६९, म्हणजे उणे ४.८२ टक्के, आणि मधल्या काळात जिल्हा फुटलेला नाही. तालुका आणि गावांसाठी असा तयार तक्ता नाही, तिथे गावांची यादी समोरासमोर ठेवून जुळवण्याला पर्याय नाही.

२०२१ ची जनगणना झाली नाही. त्यानंतरच्या वर्षांचे जे आकडे दिसतात ते प्रक्षेपण, म्हणजे पुढच्या काळाचे अंदाज आहेत. केंद्राच्या तज्ज्ञ गटाचं २०११ ते २०३६ चं प्रक्षेपण राज्यांपुरतं आहे. काही संकेतस्थळांवर प्रत्येक गावाची ‘चालू वर्षाची लोकसंख्या’ दिलेली असते. ती बहुतेक वेळा २०११ च्या आकड्याला सरसकट एका दराने वाढवून केलेली असते. रत्नागिरीतल्या ओस पडत चाललेल्या गावाला आणि २०११ ला पुण्याच्या कडेला असलेल्या वाघोलीसारख्या गावाला एकच दर लावला तर काय होईल, हे सांगायला नको.

पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ अशी अधिसूचित झाली आहे, बर्फाळ प्रदेशांसाठी १ ऑक्टोबर २०२६. तिच्या हद्दी ३१ डिसेंबर २०२५ च्या स्थितीवर गोठवायच्या ठरल्या, त्यामुळे पालघर त्यात स्वतंत्र जिल्हा म्हणून येईल. नवे आकडे येण्याआधी एक काम करून ठेवण्यासारखं आहे. आपल्या तालुक्यातल्या प्रत्येक महसुली गावाचा २०११ चा सहा अंकी क्रमांक, आजची ग्रामपंचायत, आजचा तालुका, आणि मधल्या काळात गाव नगरपंचायतीत किंवा महापालिकेत गेलं असल्यास त्याची तारीख, अशी चार रकान्यांची यादी. तलाठी कार्यालय आणि पंचायत समिती मिळून ती दोन-तीन दिवसांत पुरी होते. नवे तक्ते हातात आल्यावर ज्या गावांच्या तारखेच्या रकान्यात काही भरलेलं आहे, ती आधी बाजूला काढा आणि बाकीच्यांची तुलना सुरू करा.